फवारणीच्या दिवशी लावलेलं दार

माझी मुलगी नऊ दिवस जगली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी आशेवर राहू नये. मी ते नऊही दिवस आशेवर काढले आणि ते फार वाईट असतं.

हे लिहायला मला गरोदर बायांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या आशाताईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, तू बोलतेस चांगलं, लिहून ठेव, मी पोटुश्या बायांना वाचून दाखवीन. बोलण्याचं म्हणाल तर माहेरी इगतपुरीला मला सगळे फटकळ म्हणायचे. वडील रेल्वेत होते, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, आणि नळावर माझ्याशी भांडायला कुणी धजायचं नाही. अशी मी, जिथे खरंच तोंड उघडायला हवं होतं तिथे गप्प बसले. त्याची ही हकिगत आहे.

फुलांची खोली

लग्न होऊन मी मखमलाबादच्या पुढे मळ्यात आले. सासरी फुलशेती आहे, शेवंती, झेंडू आणि थोडा गुलाब. नवरा संदीप सकाळी माल घेऊन फुलबाजारात जातो. सासूबाईंना मी आई म्हणते, त्या बायांबरोबर तोडणीला असतात. सासरे म्हणजे नाना. त्यांची छाती भरून येते, म्हणून त्यांनी वावरातलं काम सोडलेलं. घराला लागून एक पक्की खोली आहे, तिथे बसून ते फुलं निवडतात, गड्ड्या बांधतात आणि हार ओवतात.

फुलांवर औषध फार मारावं लागतं. हवा ढगाळ असली की आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. हे औषध म्हणजे विष आहे हे मळ्यात कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारच्या मळ्यातली एक बाई फवारणी चालू असताना तोडणीला गेली आणि चक्कर येऊन पडली, तेव्हापासून तर सगळे जपूनच असतात. त्यामुळे मला दिवस गेले हे कळल्यावर घरात पहिला नियम झाला तो हा, की फवारणीच्या दिवशी रोहिणी बाहेर दिसता कामा नये.

मग पंप सुरू व्हायच्या आत मला फुलांच्या खोलीत बसवायचे. खिडकी लावायची. दार लावायचं. दाराखालच्या फटीत आई ओलं पोतं स्वतःच्या हाताने दाबून बसवायच्या, वाऱ्याबरोबर वास आत यायला नको. फवारणी संपून तासभर गेला की दार उघडायचं. असे दोन-तीन तास जायचे. एकटीला कसं कोंडायचं, आणि नानांनाही तो वास चालत नाही, म्हणून नाना माझ्या सोबतीला आत.

नाना विडी ओढायचे.

आता वाचताना तुम्हाला लगेच कळलं असेल. आम्हाला कळलं नाही. आम्ही घरातली चार शहाणी माणसं, शेतातलं विष आत येऊ नये म्हणून फटी बुजवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते आमच्यासारख्यांसाठीच.

नाना

नाना वाईट माणूस नाहीत. हे मी त्यांची सून म्हणून नाही लिहीत. त्या खोलीत मला सगळ्या मळ्यापेक्षा जास्त माया मिळाली. मला हार ओवायला त्यांनीच शिकवलं. दोरा ओढायचा नाही, फूल सरकवायचं. ते डाळिंब सोलून दाणे ताटलीत माझ्यापुढे ठेवायचे आणि मी खाते की नाही ते न बघितल्यासारखं करून बघायचे. आईंच्या तरुणपणीच्या फजित्या सांगून मला हसवायचे. आई बाहेरून ओरडायच्या, काय चाललंय आत, आणि नाना म्हणायचे, तुझंच कौतुक चाललंय.

विडी पेटवली की ते तोंड भिंतीकडे करायचे. माझ्याकडे धूर येऊ नये म्हणून. बंद खोलीत भिंतीवर सोडलेला धूर कुठे जाणार, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही आणि माझ्याही नाही. मला वाटायचं, किती जपतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मला तिथे मळमळायचं. एकदा उलटीही झाली. नाना घाबरले. दार उघडल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, हिला शेवंतीचा वास सहन होत नाय, फुलं उचला इथून. दुसऱ्या वेळी क्रेटच्या क्रेट ओसरीवर नेऊन ठेवले. खोलीत मी, नाना आणि विडीचं बंडल एवढेच राहिलो. त्या दिवशीही मळमळलं, तर मी म्हटलं, भिंतींना वास बसलाय फुलांचा.

खरं म्हणजे मला शंका आली होती. विडीचा वास नको वाटायचा. पण सांगणार कशी? आमच्याकडे मुलगा बापासमोर विडी काढत नाही, त्यात बापाचा मान जातो. पण सासऱ्याने सुनेसमोर ओढली तर त्यात काहीच मोडत नाही. उलट सुनेने नाक मुरडलं तर मोडतं. आशाताईंनी गरोदरपणाचं कार्ड भरताना विचारलं होतं, तंबाखू, मिश्री काही? मी म्हटलं, छे. आणि ते खरंच होतं. तंबाखू म्हणजे आपण तोंडात घालतो ती, एवढंच मला माहीत. आई मिश्री लावतात, मला त्यांनी डबीला हातही लावू दिला नव्हता. आम्ही अगदी नियमाने वागत होतो.

तो प्रश्न

सातव्या महिन्यात सोनोग्राफीला पंचवटीतल्या एका दवाखान्यात गेले. संदीप माल घेऊन गेलेला, आईंचा गुडघा धरलेला, म्हणून नाना आले. बाहेर बाकावर बसून राहिले असते, पण डॉक्टर मॅडमनी त्यांनाही आत बोलावलं. तिथेच मी समजले काहीतरी आहे.

मॅडम शांतपणे बोलत होत्या. बाळाची वाढ मागे आहे. वजन जेवढं भरायला हवं तेवढं भरलेलं नाही. पोटातलं पाणीही कमी वाटतं. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. जेवण कसं, झोप कशी, ओझं उचलता का, शेतात औषध मारतात तेव्हा तिथे असता का. या प्रश्नाला नाना पुढे झाले. अभिमानाने म्हणाले, "नाय मॅडम, तिला आम्ही दार लावून आत बसवितो. वाऱ्यालासुद्धा उभी करीत नाय."

मॅडम म्हणाल्या, छान. आणि कागदावरून मान वर न करता पुढचं विचारलं, "घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का? तुमच्या जवळ बसून?"

नाना माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून बंडल दिसत होतं. मला एक शब्द बोलायचा होता. तोही मी बोलले, पण उलटा.

"नाही," मी म्हटलं.

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या घड्या सारख्या करत बसले. मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या. गोळ्या, डाव्या कुशीवर झोपणं, दर आठवड्याला तपासणी, बाळाची हालचाल मोजत जा.

त्या दिवसानंतर नाना खोलीत आले नाहीत. फवारणीच्या दिवशी ते गोठ्यापलीकडे जाऊन बसायचे, छाती भरून आली तरी. मी दार लावून एकटी हार ओवायचे. आईंना वाटलं आमचं काही बिनसलं. त्यांनी मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा म्हटलं, काही नाही. एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं जातं, हे मला तेव्हा कळलं.

पेटी

आठव्या महिन्यात प्रेशर वाढलं, बाळाची हालचाल मंदावली, आणि त्याच दवाखान्यात सिझर करावं लागलं. मुलगी झाली. सव्वा किलोची. मला दाखवली तेव्हा ती हिरव्या कपड्यात होती, आणि मला एवढंच दिसलं की तिचे कान संदीपसारखे आहेत. मग तिला काचेच्या पेटीत ठेवायला घेऊन गेले.

तिथलं आयुष्य ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको, पण ज्यांच्या वाट्याला नव्याने येईल त्यांच्यासाठी सांगते. दर तीन तासांनी दूध काढायचं. वाटीभर निघेल असं वाटतं आणि तळ झाकण्याएवढं निघतं. ते घेऊन टाके दाबत जायचं. कोपरापर्यंत हात धुवायचे. अंगावर गाऊन, डोक्याला टोपी. सिस्टर नळीतून थेंब थेंब देतात. मग रोज वजन. वीस ग्रॅम वाढलं तर त्या दिवशी मी जेवायचे. तीस ग्रॅम घटलं तर ताट तसंच. पेटीवर बाळाचं नाव लिहायच्या जागी माझं नाव होतं, कारण तिचं ठेवलंच नव्हतं. आई म्हणाल्या, बारशाला ठेवू.

आयांच्या खोलीत हरसूलकडची एक बाई होती, तिला जुळी. ती मला म्हणायची, रडून दूध आटतं, रडायचं असेल तर दूध काढून झाल्यावर रड. मी तसंच करायचे. ती तिच्या डब्यातली नागलीची भाकरी अर्धी माझ्या हातावर ठेवायची. एक सिस्टर होत्या, त्या मी दारात दिसले की लांबूनच सांगायच्या, आज शी केली हो तुमच्या बाईसाहेबांनी. एवढ्याशा बातमीने माणूस किती सुखावतं. त्या दिवसांत मला कुणी धीर धर म्हणालेलं आठवत नाही, या दोघी आठवतात.

चौथ्या दिवशी नाना नातीला बघायला आले. सिस्टरनी त्यांना दारातच थांबवलं. म्हणाल्या, आजोबा, विडीचा वास येतोय, या कपड्यांत आत नाही सोडणार, इथल्या बाळांची छाती फार नाजूक असते. नाना मुकाट मागे फिरले. दुपारी आले ते अंघोळ करून, संदीपचा धुतलेला शर्ट घालून. पण नातीकडे गेले नाहीत. आधी मॅडमच्या खोलीत गेले. संदीप त्यांच्यामागे गेला, त्याने मला नंतर सांगितलं.

नाना उभेच राहिले होते. म्हणाले, "मॅडम, त्या दिशी माझ्या सुनंनं तुमाला नाही सांगितलं, ते माझ्याकरता. विडी मी ओढतो. दार लावून तिच्यापाशी बसून ओढायचो."

मॅडमनी त्यांना बसवलं. त्या म्हणाल्या, एकाच गोष्टीमुळे असं झालं, असं मी म्हणणार नाही, प्रेशर होतं, आणखीही कारणं असू शकतात. पण आईच्या श्वासात जे जातं ते बाळापर्यंत पोचतं. बंद खोलीतला धूर तिच्यासाठी चांगला नव्हताच. नानांनी विचारलं, तेव्हा सांगितलं असतं तर? मॅडम म्हणाल्या, तर तेव्हापासूनच आपण तिला धुरापासून लांब ठेवलं असतं.

लांब तर नाना त्या दिवसापासून गेलेच होते. पण आधीचे ते सगळे महिने कुठे जाणार होते?

नाना आतून आले आणि काचेपलीकडून नातीला बघत उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांनी विडी ओढली नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांचा हात सदऱ्याच्या रिकाम्या खिशाकडे जायचा. कुणी त्यांना शाबास म्हटलं नाही.

संदीप बापाशी बोलेना. माझ्याशी बोलला, ते न बोलता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बाकी सगळीकडे तुझं तोंड चालतं. तिथं काय झालं होतं?" आई उलट्या बाजूने चिडल्या. सासऱ्याचं नाव डॉक्टरकडे कशाला जायला हवं होतं, आमच्या वेळी चुलीच्या धुरात पोरं झाली, कुणाला काय झालं? नंतर त्याच आई जिन्यात पदर तोंडात धरून रडताना मला दिसल्या. घरातलं प्रत्येक माणूस दुसऱ्यावर रागावलेलं आणि सगळ्यांचे डोळे एकाच पेटीकडे.

नववा दिवस

सकाळी मी दूध घेऊन गेले तेव्हा पेटीभोवती तीन माणसं होती. मला बाहेर थांबायला सांगितलं. ती श्वास घ्यायला विसरत होती, असं मॅडम म्हणाल्या. दोनदा तिला आठवण करून दिली. तिसऱ्यांदा तिला आठवलं नाही.

तिला माझ्या मांडीवर दिलं तेव्हा नळ्या काढलेल्या होत्या. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड मला नीट दिसलं. मी तिला सांगितलं की माझं चुकलं. एवढंच सांगितलं. एवढ्या लहान बाळाला पुरतात, म्हणून संदीपने बाहेरच्या बाहेर सगळं केलं आणि नाना तिला हातात घेऊन गेले. मला नेलं नाही. बाळंतिणीला नेत नाहीत.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. बाळ गेल्यावरही दूध येतं. उलट नऊ दिवस जे थेंबांनी आलं ते त्या संध्याकाळी धारेने आलं. ब्लाउज भिजला. मी बाथरूममध्ये उभी राहून ते पिळून टाकत होते. त्याच सिस्टरनी येऊन छातीला घट्ट फडकं बांधून दिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून काही न बोलता उभ्या राहिल्या. तुमच्या ओळखीत कुणाचं असं झालं तर तिला दुसरं होईल म्हणू नका. तिच्याजवळ नुसतं उभं राहा.

आता

या गोष्टीला दीड वर्ष झालं. संदीप बापाशी बोलतो, कामापुरतं. आईंनी फुलांच्या खोलीच्या खिडकीचं दारच काढून टाकलं. मी पुन्हा हार ओवते. नाना आणि मी समोरासमोर बसतो, पण मॅडमपुढच्या त्या खुर्च्यांबद्दल गेल्या महिन्यापर्यंत आम्ही कधीच बोललो नव्हतो. मी नाही म्हणाले तेव्हा तुम्ही शेजारीच होतात, हे मी त्यांना म्हटलं नाही. तू नाही का म्हणालीस, हे त्यांनी मला विचारलं नाही. मला त्यांचा राग येत होता आणि माझा त्याहून जास्त येत होता, आणि दोन्ही राग मी फुलांबरोबर दोऱ्यात सरकवत होते.

गेल्या महिन्यात आशाताईंनी अंगणवाडीत पोटुश्या बायांची बैठक घेतली आणि मला बोलायला बसवलं. मी सगळं सांगितलं. फक्त विडी कुणाची ते सांगितलं नाही, घरातलं एक माणूस म्हटलं. तुमच्या नवऱ्याला, सासऱ्याला, दिराला बाहेर जायला सांगा म्हटलं. बायांनी माना हलवल्या, पण ती मान मला ओळखीची होती. ऐकलं, पण सांगणार नाही, अशी. मी स्वतः तशीच मान हलवली असती.

नाना मला न्यायला आले होते आणि दाराबाहेर चप्पल काढून उभे होते. किती ऐकलं कोण जाणे. बायांनी पदर सावरले. नाना आत आले नाहीत, चौकटीला हात धरून म्हणाले, "ते माणूस मी. डॉक्टरबाईनं विचारलं तवा हिनं लाजून नाही म्हटलं आणि मी भिऊन गप बसलो. आम्ही दोघांनी केलं हे." ते थांबले. "तुमाला तुमच्या माणसांना सांगता येत नाय, मला माहीत हाय. मला सांगा. मी जाऊन सांगतो."

आम्ही निघालो. रस्त्याला लागल्यावर मागून एक मुलगी भरभर चालत आली, पाचव्या महिन्यातली असेल. तिने माझ्याकडे बघत, पण नानांना ऐकू जाईल असं सांगितलं की तिचा सासरा आणि नवरा दोघंही घरातच ओढतात, एकच खोली आहे. घर कुठलं ते सांगितलं आणि वळून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना स्वच्छ धोतर नेसून गेले. मी हार ओवत बसले, पण फुलं दोऱ्यात जाईनात. तासाभराने ते परत आले, पाणी प्याले आणि माझ्यासमोर बसले. मी विचारलं, ऐकलं का त्यांनी?

"चहा दिला," नाना म्हणाले. "मंग सांगायला लागलो तसा तिचा सासरा म्हणतो, तुमचं पोर गेलं म्हणून आता आमाला शिकवाया आलात व्हय?"

मी दोरा खाली ठेवला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, व्हय. म्हणूनच आलो."